रॉक-मंडळ्यांचे नामकरण

पाश्चात्त्य रॉक संगीताच्या शौकिनांचे संभाषण ज्याने लक्षपूर्वक ऐकले असेल, त्याच्या ध्यानात एक गोष्ट सहज आली असेल. ही मंडळी चालीचे किंवा आवाजाचे गुणदोष सांगण्याआधी नावांविषयी बोलतात. अमुक मंडळीचे नाव असे का, ते कोणी ठेवले, त्याआधी त्यांचे नाव काय होते, अमुक जलशात त्यांनी कोणते गीत प्रथम म्हटले, या बाबतींतला त्यांचा व्यासंग पाठभेद जुळविणाऱ्या संशोधकाला शोभेल असा असतो. आमच्या शाळांच्या वरच्या वर्गांतील मुलेही यात मागे नाहीत. आपल्यापैकी बहुतेक शिक्षकांच्या कानांवर ही नावे पडतात आणि ती चमत्कारिक, काही तर अमंगळ वाटून आपण तो विषय तेथेच सोडून देतो. भुंगेरे, गडगडते धोंडे, शिशाचे विमान, कृतज्ञ प्रेत : ही काय नावे झाली, असे मनात येणे साहजिक आहे. परंतु भाषा शिकविणाऱ्याने हा प्रश्न केवळ उद्‌गार म्हणून न ठेवता खरोखरीच विचारला, तर त्याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. आणि ते शोधताना इंग्रजी कादंबरी, लोककथा, शेतीचा इतिहास आणि शुद्धलेखन अशा अनेक प्रांतांतून हिंडून यावे लागते.

मुळात समूहाला नाव लागतेच कशाला, येथून आरंभ केला पाहिजे. आपल्या रागदारी संगीतात गवयाचे नाव पुरते. तबलजी व पेटीवाले यांची नावे कार्यक्रमपत्रिकेच्या दुसऱ्या ओळीत येतात, आणि घराण्याचे नाव काढले तर ते बहुधा गावाचे असते : ग्वाल्हेर, आग्रा, किराणा. रॉक संगीताची घडण निराळी. तीन-चार माणसे मिळून गीत रचतात, चाल बांधतात, वाजवितात आणि गातात. त्यांतला कर्ता कोण हे एका बोटाने दाखविता येत नाही, म्हणून कर्तृत्व समूहाच्या नावावर जमा होते. याला आपल्याकडे जवळचे उदाहरण शोधावयाचे तर ते मैफलीत न शोधता संगीत रंगभूमीवर शोधावे लागेल. १८८० ची किर्लोस्कर नाटक मंडळी संस्थापकाच्या नावाची. १९०८ साली हुबळीस केशवराव भोसले यांनी काढलेली ‘ललितकलादर्श’ आदर्शाच्या नावाची. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी उभारलेली गंधर्व नाटक मंडळी नटाच्या पदवीची. ज्यांनी जुने घर सोडले त्यांना जुने नावही सोडावे लागले, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन आहे. या लेखात ‘मंडळी’ हा शब्द मी बँड याच अर्थी योजीत आहे, कारण ‘बँड’ म्हटले की आपल्या कानांत अजून लग्नाच्या वरातीतले पितळी वाद्यांचे पथक वाजू लागते.

पाश्चात्त्य मंडळ्यांची आरंभीची नावेही अशीच सरळ असत. पुढाऱ्याचे नाव आणि त्याच्या जोडीला साथीदारांचे एखादे अनेकवचनी विशेषण, अशी ती रीत. आपल्या मुंबईतही ती होती. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आन्तोनियु शावियेर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले आणि त्यांच्या पथकाचे नाव ‘म्युझिक मेकर्स’ असे होते. अमेरिकेत बडी हॉली याच्या साथीदारांनी १९५७ च्या सुमारास ‘क्रिकेट्स’, म्हणजे रातकिडे, हे नाव घेतले आणि तेथून किड्यांना प्रतिष्ठा आली. लिव्हरपूलच्या जॉन लेननने शाळेत असताना काढलेल्या पथकाचे नाव त्याच्या क्वारी बँक या शाळेवरून ‘क्वारीमेन’, म्हणजे खाणकामगार, असे होते. मग मधली एकदोन नावे होऊन, १९६० साली ही मुले हॅम्बर्गला वाजवावयास गेली तेव्हा रातकिड्यांच्या जोडीला भुंगेरे आले. मात्र भुंगेऱ्याच्या इंग्रजी नावात एक अक्षर बदलून त्यांनी त्यात ताल या अर्थाचा ‘बीट’ हा शब्द बसविला. हा सरळसरळ शब्दश्लेष आहे. तो कानाला कळत नाही, केवळ डोळ्याला कळतो. कारण दोन्ही शब्दांचा उच्चार एकच. श्लेषाचे उदाहरण म्हणून आपण वर्गात वर्षानुवर्षे तीच ती वाक्ये देत आलो आहोत. त्यांत हे एक घालावयास हरकत नाही.

‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव १९६२ चे. शिकागोचे कृष्णवर्णी गायक मडी वॉटर्स यांच्या १९५० सालच्या एका ध्वनिमुद्रिकेवरून ते घेतले. गडगडत्या धोंड्याला शेवाळ धरत नाही, या अर्थाची इंग्रजी म्हण त्याच्या मुळाशी आहे. एका ठिकाणी न टिकणाऱ्या माणसाला ती लावतात. ‘पिंक फ्लॉइड’ या नावाचा तर कित्येकांना अर्थच लागत नाही, कारण त्याला अर्थ नाही. ती दोन विशेषनामे आहेत. १९६५ साली ‘टी सेट’, म्हणजे चहाची भांडी, या नावाचे हे पथक वाजवावयास गेले असता त्याच नावाचे दुसरे पथक तेथे निघाले. तेव्हा सिड बॅरेट याने पिंक अँडरसन व फ्लॉइड कौन्सिल या दोन कॅरोलायनी ब्लूज-गायकांची पहिली नावे जोडून दिली. हे दोघे गायक आपल्या भागाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्यांचे संगीत थोड्यांनी ऐकले असेल. परंतु त्यांची नावे जोडनावाच्या रूपाने जगभर गेली. वडीलधाऱ्यांचे ऋण मानण्याची ही रीत चमत्कारिक खरी, पण ती रीत आहे, आणि बंडखोर म्हणविणाऱ्या या पिढीच्या नावांत ती वारंवार दिसते.

वाङ्मयातून आलेल्या नावांची संख्या आपल्या कल्पनेपेक्षा अधिक आहे. ‘डोअर्स’ हे १९६५ चे नाव आल्डस हक्सले यांच्या १९५४ सालच्या निबंधाच्या नावावरून आले, आणि हक्सले यांनी ते विल्यम ब्लेक या कवीपासून घेतले होते. ‘स्टेपनवुल्फ’ ही हेर्मान हेस यांची १९२७ ची कादंबरी. ‘युराया हीप’ हा डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला खल, आपण किती दीन, किती नम्र असे उठल्यासुटल्या सांगत हात चोळणारा आणि आतून पोखरणारा. ज्या मंडळीचा आवाज खिडक्यांची तावदाने हलवितो, तिने स्वतःला या नम्र गृहस्थाचे नाव घ्यावे यात विनोद आहे. परंतु तो कादंबरी वाचलेल्यालाच कळणार. इंग्रजीच्या शिक्षकाला याहून अधिक काय हवे?

‘जेथ्रो टल’ हे नाव मला या सगळ्यांत प्रिय आहे. जेथ्रो टल हा सतराव्या-अठराव्या शतकांतला (१६७४–१७४१) इंग्रज शेतकरी. बी फेकून पेरण्याऐवजी सरळ ओळींत, ठरावीक खोलीवर पेरणारे यंत्र त्याने १७०१ च्या सुमारास तयार केले. १९६७-६८ साली या मंडळीला कार्यक्रम फारसे मिळत नसत, आणि तिचे नाव वारंवार बदलावे लागे, म्हणजे त्याच जागी पुन्हा बोलावणे येण्याचा संभव राही. मंडळीचे कार्यक्रम ठरविणाऱ्या कचेरीतील एका इतिहासप्रेमी माणसाने हे नाव सुचविले आणि त्या आठवड्यात कार्यक्रम चांगला झाल्यामुळे ते टिकले. पहिल्या तबकडीवर ते चुकीचे छापले गेले : ‘जेथ्रो टो’. तिफण आणि पाभर ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, तेथल्या वाचकाला ओळीत पेरण्याचा शोध इतका मोठा का मानला गेला याचे नवल वाटेल. परंतु इंग्लंडात तेव्हा मुठीने बी फेकण्याचीच चाल सर्वत्र होती. या मंडळीचा प्रमुख इयान अँडरसन हा एका पायावर उभा राहून बासरी वाजवितो. आपल्याकडच्या माणसाला ते चित्र पाहून जे आठवेल ते सांगावयास नको.

आता अमंगळ म्हटल्या जाणाऱ्या नावांकडे वळू. एका शाळेत काळ्या सदऱ्यावर ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव छापलेले पाहून मुलाला घरी पाठविल्याचे मला ठाऊक आहे. सॅबथ म्हणजे यहुदी व ख्रिस्ती धर्मांतील विश्रांतीचा पवित्र वार; त्याला काळा हे विशेषण लागले की चेटकिणींच्या मेळाव्याचा अर्थ येतो. परंतु बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतल्या या चार मुलांनी १९६९ साली ते नाव घेतले ते कोणत्याही पंथाचे म्हणून घेतले नव्हते. ते १९६३ सालच्या एका भयपटाचे इंग्रजी नाव होते. अंगावर काटा यावा म्हणून लोक पैसे देऊन चित्रपटाला जातात, तर मग तसले संगीत का असू नये, एवढाच त्यांचा हिशेब. भयानक रसाला आपल्या साहित्यशास्त्राने नऊ रसांत जागा दिलेलीच आहे. या मंडळीने ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅम येथेच अखेरचा कार्यक्रम केला आणि त्याच महिन्यात तिचा गायक ऑझी ऑस्बर्न निवर्तला.

‘ग्रेटफुल डेड’ या नावात तर अमंगळाचा लवलेशही नाही. कॅलिफोर्नियातल्या या मंडळीचे आधीचे नाव दुसऱ्या कोणी घेतल्याचे कळले, तेव्हा १९६५ साली जेरी गार्सिया याने शब्दकोश उघडला आणि त्यात ही जोडी त्याच्या दृष्टीस पडली. ती लोककथांच्या अभ्यासकांची संज्ञा आहे. कथा अशी : एक प्रवासी परगावी जातो, तेथे एक प्रेत तसेच पडलेले असते. मेलेल्या माणसाने कर्ज फेडले नाही म्हणून सावकार त्याची उत्तरक्रिया होऊ देत नाहीत. प्रवासी आपल्याजवळची सारी पुंजी देऊन ते कर्ज फेडतो, प्रेताला मूठमाती देतो आणि रिकाम्या हाताने पुढे निघतो. वाटेत त्याला एक सोबती भेटतो. तो त्याला संकटांतून सोडवितो, त्याचे भाग्य उदयाला आणतो, आणि शेवटी आपण कोण ते सांगून अदृश्य होतो. तो सोबती म्हणजे तोच मृत मनुष्य. ही कथा युरोपात आणि आशियात नाना रूपांनी आढळते. हान्स अँडरसनची ‘प्रवासातला सोबती’ ही १८३५ ची गोष्ट तिच्यावरच रचलेली आहे, आणि जेरूल्ड नावाच्या अभ्यासकाने १९०८ साली या एका कथेवर सबंध ग्रंथ लिहिला. पितृऋण आणि श्राद्ध यांच्या कल्पनांत वाढलेल्या आपल्या मुलांना ही कथा एका तासात समजते. तिचे नाव मात्र भयंकर वाटते, कारण आपण ते अर्धेच ऐकतो.

या मंडळीच्या चाहत्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण शौकिनांचे संभाषण म्हणजे काय याचा तो उत्तम नमुना आहे. ‘ग्रेटफुल डेड’ने १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत सुमारे २३०० जलसे केले, आणि गीतांचा क्रम रोज निराळा ठेवला. एकच गीत एके दिवशी पाच मिनिटांत आटोपे, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटे फुले. त्यामुळे तबकडी घेऊन भागत नसे. कोणता जलसा, कोणते साल, हे विचारावे लागे. चाहते ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन येत, फिती घरी नेऊन त्यांच्या प्रती काढीत आणि एकमेकांना पाठवीत. या व्यवहारात पैसा घेणे हीनपणाचे मानले जाई; फितीच्या बदली फीतच द्यावयाची. इतर मंडळ्या असल्या लोकांना हाकलून देत असता या मंडळीने १९८४ साली प्रेक्षागृहात त्यांच्यासाठी जागाच राखून ठेवली. पुढे याद्या तयार झाल्या, कोणत्या तारखेला काय वाजविले याचे कोश निघाले, आणि ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला जलसा श्रेष्ठ की दुसरा कोणता, यावर वाद माजले. अमक्या बुवांचा अमक्या सालचा यमन ऐकला आहे काय, असे विचारणारे आणि खाजगी बैठकींच्या फिती पेटीत कुलूप लावून जपणारे रसिक आपल्या ओळखीचे असतात. त्यांची आणि या केस वाढविलेल्या अमेरिकन तरुणांची गाठ पडली असती, तर भाषेवाचून काही अडले नसते असे मला वाटते.

शुद्धलेखन हा आपला नित्याचा विषय, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. ‘लेड झेपेलिन’ या १९६८ सालच्या नावाची कथा अशी की, नवी मंडळी शिशाच्या फुग्यासारखी आपटेल, असे कोणी थट्टेने म्हटले. फुग्याच्या जागी झेपेलिन हे जर्मन विमान आले, आणि शिसे या अर्थाच्या इंग्रजी शब्दातून एक अक्षर गाळले गेले. कारण त्याच स्पेलिंगचा दुसरा उच्चार ‘लीड’ असा होतो आणि लोक तसा करतील अशी भीती होती. देवनागरीत ही अडचण उद्‌भवलीच नसती. झेपेलिन घराण्यातील एका स्त्रीने पुढे या नावाला हरकत घेतली, तेव्हा १९७० च्या फेब्रुवारीत कोपनहेगनच्या कार्यक्रमापुरते त्यांना दुसरे नाव धारण करावे लागले. ‘ब्लू ऑयस्टर कल्ट’, ‘मोटरहेड’ आणि ‘मोटली क्रू’ यांनी तर नावातील स्वरांवर जर्मन पद्धतीचे दोन दोन ठिपके दिले. त्यांचा उच्चाराशी संबंध नाही. ते नुसते शोभेचे, थोडा दरारा वाटावा म्हणून. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आतबाहेर इंग्रजी भाषेत अनुच्चारित ठिपके हौसेने घालण्यात आले, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

परंतु स्पेलिंगची सर्वांत बोलकी कथा एका शिक्षकाची आहे. फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथील एका शाळेत लिओनर्ड स्किनर हे शारीरिक शिक्षण शिकवीत. मुलांचे केस कॉलरला टेकता कामा नयेत, असा तेथे नियम होता, आणि स्किनर तो मोडणाऱ्यांना मुख्याध्यापकांकडे पाठवीत. त्या मुलांपैकी काहींनी पुढे मंडळी काढली आणि तिला सरांचेच नाव दिले. मात्र त्यातले स्वर काढून त्यांच्या जागी सर्वत्र ‘वाय’ हे एकच अक्षर घातले, इतके की १९७३ साली पहिली तबकडी काढताना नावाचा उच्चार कसा करावा हेच तिचे शीर्षक करावे लागले. तो नियम शाळेचा होता, असे स्किनर म्हणत, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. केसांचा नियम आमच्याही शाळेत आहे आणि मी तो पाळावयास लावतो. पण ही कथा तेथे संपली नाही. स्किनर यांनी नंतर घरे व जमिनी विकण्याचा व्यवसाय केला. त्यांच्या पाटीचे छायाचित्र या मंडळीने आपल्या १९७५ च्या तबकडीत त्यांच्या संमतीने छापले, तेव्हा त्यावरचा क्रमांक पाहून लोक त्यांना वेळी-अवेळी दूरध्वनी करू लागले. पुढे जॅक्सनव्हिलच्या एका जलशात या मंडळीची ओळख करून द्यावयास हेच सर रंगमंचावर उभे राहिले. १९७७ च्या ऑक्टोबरात विमान कोसळून मंडळीचा गायक रॉनी व्हॅन झँट व गिटारवादक स्टीव्ह गेन्स मरण पावले. सर त्यांच्यामागे तेहतीस वर्षे जगले. चेष्टेसाठी घेतलेले नाव त्यांना जन्मभर पुरले. विद्यार्थ्यांनी दिलेल्या टोपणनावाखाली आयुष्य काढलेल्या कोणत्याही शिक्षकाला त्यातले मर्म समजेल.

नाव हे मालमत्ताही असते. १९७४ साली ‘फ्लीटवुड मॅक’ या मंडळीच्या व्यवस्थापकाने भलतेच वादक गोळा करून त्या नावाने अमेरिकेचा दौरा सुरू केला. मूळच्या लोकांना आपले नाव परत मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागले. विशेष हे की, ते नाव मिक फ्लीटवुड आणि जॉन मॅकव्ही या दोन जिवंत माणसांच्या आडनावांतून बनलेले होते, आणि ते दोघेही त्या दौऱ्यात नव्हते! ‘पिंक फ्लॉइड’मधून रॉजर वॉटर्स बाहेर पडले तेव्हाही १९८६-८७ मध्ये हाच तंटा झाला. आपण गेल्यावर नाव मिटले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. उरलेल्यांनी ते राखले. गंधर्व मंडळीच्या वेळी जुने नाव जुन्या घरातच राहिले, एवढाच काय तो फरक.

जलशांची हकीगत स्वतंत्र लेखाची आहे. येथे एकच सांगतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगला देशच्या निर्वासितांसाठी पंडित रविशंकर व जॉर्ज हॅरिसन यांनी दोन कार्यक्रम केले. दोन्ही मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते होते, आणि तिकिटांचे जवळजवळ अडीच लक्ष डॉलर जमले. रविशंकर, अली अकबर खाँ व अल्लारखा यांनी वाद्ये जुळविली, तोच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणी इतकी आवडली, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे उत्तर पंडितजींनी दिले. हे वाक्य आपल्याकडे हसण्यासाठी सांगतात. मला त्या श्रोत्यांचे अज्ञान तितकेसे हास्यास्पद वाटत नाही. ते ऐकावयास तयार होते.

भारतातही या नामकरणाची स्वतःची वाट तयार झाली आहे. १९८४ च्या सुमाराची मुंबईची ‘रॉक मशीन’ ही मंडळी १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ झाली, म्हणजे यंत्राकडून सिंधूकडे आली. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चे नाव तिच्या गिटारवादकाच्या वडिलांनी सुचविलेले आहे. कलकत्त्याच्या गौतम चट्टोपाध्याय व त्यांच्या सोबत्यांनी १९७५ मध्ये काढलेल्या मंडळीचे ‘मोहिनेर घोडागुली’, म्हणजे मोहिनाचे घोडे, हे नाव जीवनानंद दास यांच्या कवितेतून आले. केरळच्या ‘अवियल’ने अनेक भाज्या एकत्र शिजवून केलेल्या पदार्थाचे नाव घेतले, आणि कोचीच्या ‘तैक्कूडम ब्रिज’ने गावातल्या एका पुलाचे.

नववीच्या वर्गाला मी एकदा निबंधाऐवजी एवढेच काम दिले : मंडळी काढावयाची झाल्यास तिचे मराठी नाव सुचवा आणि ते का, हे दहा ओळींत लिहा. ‘शेवटचा बाक’ हे नाव सहाजणांनी स्वतंत्रपणे लिहिले होते. एकाने ‘रातकिडे’ लिहिले. बडी हॉली हे नाव त्याने ऐकलेले नव्हते. ‘भोगीची भाजी’ होती, ‘तिफण’ होती. एका मुलीने ‘साडेतीन मुहूर्त’ हे नाव दिले, कारण तिच्या मंडळीत तीन वादक आणि एक धाकटा भाऊ असणार होता. मग ते फलकावर लिहिताना ‘साडेतीन’ अक्षरांत लिहावे, की जुन्या पद्धतीने तीनपुढे दोन दंड देऊन ‘३॥’ असे लिहावे, यावर वर्गात दोन तट पडले, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी तो वाद मिटला नव्हता.